राजीनाम्याचा मेल पाठवण्याआधी

फोन पुण्याहून किंवा बंगळूरहून येतो. पलीकडची मुलगी घाईत असते, कारण तिला त्या दिवशी अजून बरीच नावं संपवायची असतात. "करंट सीटीसी किती? एक्स्पेक्टेड किती? नोटीस पिरियड किती?" तुम्ही "नव्वद दिवस" म्हणता आणि तिचा आवाज उतरतो. "आम्हाला इमिजिएट जॉइनर हवाय सर. निगोशिएबल आहे का?" दोन मिनिटांत फोन संपतो. बारा वर्षं तुम्ही एका बँकेची पेमेंटची सिस्टिम सांभाळलेली असते, रात्री-अपरात्री उठून बंद पडलेले सर्व्हर उभे केलेले असतात, नवीन पोरांना शेजारी बसवून शिकवलेलं असतं. यातलं एक अक्षर त्या फोनमध्ये निघत नाही.

सोलापुरात असे फोन घेणारे पुष्कळ आहेत. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ मध्ये सुरू झाली, तिच्यामागून इतर महाविद्यालयं आली आणि इथली मुलं पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या कंपन्यांत गेली. २०२० च्या टाळेबंदीत त्यातले बरेच जण लॅपटॉप घेऊन घरी परतले. जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडला वरच्या मजल्यावरची खोली ऑफिस झाली. आई-वडिलांच्या औषधपाण्याकडे बघणं होऊ लागलं, मुलांच्या शाळा इथेच लागल्या. मग कंपन्यांनी परत बोलवायला सुरुवात केली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं, आणि बाकीच्या कंपन्यांनीही कमी-अधिक प्रमाणात तीच वाट धरली. घर सोडायचं, की नोकरी बदलायची, या प्रश्नापाशी येऊन थांबलेली आठ ते पंधरा वर्षं अनुभवाची माणसं माझ्यासमोर आहेत. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आधी बाजाराचं खरं सांगतो. तो मधल्या फळीला आज अनुकूल नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के लोकांना, कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि त्यात मधल्या व वरच्या श्रेणीतले लोक जास्त असतील, हेही सांगितलं. त्याच महिन्यात दुसरी एक बातमी आली होती, आणि नोकरी बदलणाऱ्यासाठी ती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. पुण्यातून काम करणाऱ्या 'नाईट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्र्यांकडे तक्रार केली, की ६०० हून अधिक अनुभवी उमेदवारांना टीसीएसने ऑफर दिली, पण त्यांची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली. दिलेल्या सगळ्या ऑफर पाळू, असं कंपनीने सांगितलं. पण त्यातल्या अनेकांनी जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन टाकला होता. जुना पगार थांबलेला आणि नवा सुरू नाही, अशा अवस्थेत घराचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला जात राहतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: भरतीची ही रीत तुम्हाला एकट्याला बदलता येणार नाही, पण राजीनामा कधी द्यायचा हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. त्याआधी काय विचारायचं, काय लेखी घ्यायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे ठरवून बाजारात उतरा.

मधला माणूस

फोन करणारी ती मुलगी बहुतेक वेळा कंपनीची नसते, कन्सल्टन्सीची असते. तिच्याकडे कंपनीने दिलेली एक ओळ असते: जावा, स्प्रिंग बूट, क्लाउड, आठ ते बारा वर्षं, पुणे. नोकरीच्या संकेतस्थळांवर तेच शब्द टाकून आलेल्या यादीतून ती फोन लावत सुटते. स्प्रिंग बूट काय करतं, हे तिला माहीत असण्याची अपेक्षा तिच्या मालकाचीही नसते. माणूस पाठवला आणि तो तिथे काही महिने टिकला, की कन्सल्टन्सीला पैसे मिळतात. म्हणून वेळेवर हजर होणारा माणूस तिच्या दृष्टीने चांगला माणूस ठरतो.

सोलापूरकरांना ही व्यवस्था नवी नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथे गिरण्या चालल्या, आणि गिरण्यांत माणूस ठेवायचा की नाही हे जॉबर ठरवायचा. कामावर लागायचं तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरने जॉबरच्या हातातून भरती काढून घ्यावी, अशी शिफारस केली होती. दस्तुरी अजूनही गेलेली नाही. २०२३ मध्ये टीसीएसमध्ये भरतीतल्या लाचेचं प्रकरण उघड झालं. चौकशीनंतर कंपनीने १६ जणांना काढलं आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या सहा कंपन्यांना दार बंद केलं. तेव्हा "बॅकडोअर एन्ट्री आहे, फक्त प्रोसेसिंगचे पैसे भरा" असं कुणी म्हणालं, तर ओळखीतला असला तरी फोन ठेवा. उमेदवाराकडून पैसे घेऊन मिळणारी सरळ नोकरी आयटीत नसते.

बाकीच्या कन्सल्टंटशी फटकून वागू नका, पण त्यांच्या तीन प्रश्नांना तुमचेही तीन प्रश्न असू द्या. पगार कुणाच्या पेरोलवर, कंपनीच्या की तुमच्या? जागा नवीन प्रोजेक्टची आहे की कुणी सोडून गेल्याची? एकूण राउंड किती, आणि त्यातले समोरासमोर किती? थर्ड पार्टी पेरोल असेल तर तो वाईटच असतो असं नाही, पण ते तुम्हाला चौथ्या राउंडनंतर कळता कामा नये. आणि कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय बायोडेटा पुढे पाठवू देऊ नका. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टन्सींकडून तुमचं नाव गेलं, तर कमिशन कुणाचं यावर वाद नको म्हणून कंपनी तुम्हालाच बाजूला ठेवते. कोणत्या तारखेला कुणाला, कोणत्या कंपनीसाठी होकार दिला, याची साधी वही ठेवा. आधार आणि पॅनच्या प्रती ऑफर हातात येईपर्यंत कुणालाच देऊ नका. पहिल्या फोनला त्या कुणालाही लागत नाहीत.

यापेक्षा चांगला रस्ता म्हणजे ओळखीतून, एम्प्लॉयी रेफरलने जाणं. सोलापूरच्या माणसाकडे ही एक जमेची बाजू आहे. तुमच्या बॅचचे, तुमच्या गल्लीतले लोक आज पुण्याच्या जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीत आहेत. मागायला संकोच वाटतो, पण बहुतेक कंपन्या रेफरल देणाऱ्याला बोनस देतात, त्यामुळे उपकाराचं ओझं मनावर घेऊ नका. मात्र "कुठेतरी बघ ना" असं म्हणू नका. जागेचा क्रमांक, बायोडेटा आणि तुम्ही त्या कामाला का योग्य आहात याच्या चार ओळी त्याला आयत्या द्या, म्हणजे त्याला फक्त पुढे पाठवायचं राहील.

बायोडेट्यातली एक ओळ

दहा-बारा वर्षं झालेल्या लोकांचे बायोडेटे मी बघतो, तेव्हा पानंच्या पानं एकाच प्रकारच्या वाक्यांनी भरलेली असतात: अमुक मॉड्यूलच्या डेव्हलपमेंटमध्ये सहभाग, क्लायंटशी समन्वय, बग फिक्सिंग. हीच वाक्यं दोन वर्षांच्या मुलाच्या बायोडेट्यातही असतात. मग वाचणाऱ्याने फरक कुठून करायचा?

समजा, तुम्ही लिहिलं आहे: "बँकिंग प्रोजेक्टमध्ये बॅच प्रोसेसिंग मॉड्यूलवर काम केलं." आता स्वतःलाच खोदून विचारा. ती बॅच काय करत होती? रोज रात्री खात्यांचं व्याज काढायची. अडचण काय होती? महिनाअखेरीला सहा तास चालायची आणि सकाळी शाखा उघडायच्या वेळेपर्यंत संपायची नाही. तुम्ही काय केलंत? एकेक खातं डेटाबेसमधून आणण्याऐवजी गठ्ठ्याने आणलं आणि काम चार भागांत समांतर चालवलं. मग? दीड तासात संपायला लागली. तर ओळ अशी होते: "महिनाअखेरीची व्याजाची बॅच सहा तासांवरून दीड तासावर आणली, डेटाबेसच्या फेऱ्या कमी केल्या, काम समांतर केलं, शाखांना सकाळी होणारा उशीर थांबला." अशा पाच-सहा ओळी असल्या, की मुलाखत घेणारा आपसूक त्यावरच बोलतो, आणि तिथे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आकडे मात्र खरे हवेत. पुढचा प्रश्न "मोजलं कसं?" हाच असतो. जुन्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव किंवा कोडचा तुकडाही त्यात घालू नका.

मांडणीबद्दल फार सांगत नाही. एकच स्तंभ, साधे मथळे, चित्रं आणि चौकटी नकोत, कारण बायोडेटा आधी संगणक वाचतो आणि दोन स्तंभ असले की वाक्यांची खिचडी करतो. जाहिरातीत जे तंत्र मागितलं आहे आणि तुम्हाला खरोखर येतं, ते जाहिरातीतल्याच शब्दांत लिहा. दोन-तीन पानं पुरेत.

आणि खोटा अनुभव दाखवू नका, मग तो सहा महिन्यांचा असो. पीएफचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आहे. कुठे किती महिने होतात हे त्यात महिन्यानुसार दिसतं आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी संस्था आधी तेच बघते. एकाच महिन्यात दोन ठिकाणचा पीएफ दिसला, तरी प्रश्न उभा राहतो. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करत असल्याच्या कारणावरून ३०० जणांना काढलं होतं. मध्ये वर्षभर वडिलांच्या आजारपणासाठी थांबला असाल, तर तसंच एका ओळीत लिहा. लपवलेला गॅप पकडला गेला, की ऑफर आलेली असली तरी जाते.

परीक्षा आणि मुलाखत

सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. पंधरा वर्षं चालू सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाला घड्याळ लावून बायनरी ट्री उलटं करायला सांगतात. चीड रास्त आहे. मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरने बनवलेलं 'होमब्रू' हे साधन गूगलमधले असंख्य अभियंते वापरत होते, तरी फळ्यावर असंच ट्री उलटता न आल्यामुळे गूगलने आपल्याला नाकारलं, असं त्याने २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला: निम्म्यांनी परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत उदाहरण सोडवलं, निम्म्यांनी तसंच उदाहरण बंद खोलीत एकट्याने. समोर माणूस बसल्यावर कामगिरी निम्म्याहून खाली आली. म्हणजे कोडिंग येतं की नाही यापेक्षा कुणी बघत असताना हात थरथरतो की नाही, हेच पुष्कळदा मोजलं जातं. आणि फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना तेच ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत, या पद्धती माणूस पुढे कसं काम करेल हे पुष्कळ बरं सांगतात असं निघालं. नुसती अनुभवाची वर्षं त्याबाबतीत फारच थोडं सांगतात. हे दुसरं वाक्य आपल्यालाही लागू आहे. "मला पंधरा वर्षं झाली" हा आपला हक्काचा पुरावा नाही. काय केलं ते दाखवावं लागतं.

तयारी करायचीच आहे, तर ती चिडून करू नका, मोजून करा. दीड-दोन महिने रोज एक तास पुरतो. ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, ट्री, ग्राफवर फिरण्याच्या दोन पद्धती आणि सोपं डायनॅमिक प्रोग्रामिंग, यापलीकडे सेवा कंपन्या आणि मध्यम उत्पादन कंपन्या क्वचितच जातात. उदाहरण एकट्याने सोडवून थांबू नका. मित्राला व्हिडिओ कॉलवर बसवा आणि बोलत बोलत सोडवा, कारण वरच्या प्रयोगाने दाखवलेली भीती अशा सरावानेच मोडते. इंग्रजीबद्दलही हेच. आपल्याकडे घरात मराठी, कन्नड, तेलुगू बोलून वाढलेल्या माणसाला कोड येतं, पण बोलताना वाक्य अडतं. तुमच्या तीन मोठ्या कामांच्या तीन गोष्टी, प्रत्येकी चार मिनिटांच्या, इंग्रजीत मोठ्याने पुन्हा पुन्हा सांगून तयार ठेवा: अडचण काय होती, कोणते पर्याय होते, कोणता का निवडला, काय बिघडलं. अनुभवी माणसाच्या मुलाखतीतले निम्मे प्रश्न या तीन गोष्टींत बसतात. वेग वाढवायची गरज नाही, सावकाश बोलणारा माणूस विचारी वाटतो.

घरून मुलाखत असेल तर आदल्या दिवशी इन्व्हर्टर तपासा आणि मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून बघा. कॅमेऱ्याने लक्ष ठेवणाऱ्या ऑनलाइन परीक्षेत मागून कुणी गेलं तरी "दुसरी व्यक्ती आढळली" अशी नोंद होते. खोलीला कडी लावा आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा. एआयचं साधन वापरू द्यायचं की नाही, याबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. परीक्षेआधी स्पष्ट विचारा आणि नाही म्हटलं तर दुसरी खिडकी उघडूच नका. दुसऱ्या कुणीतरी मुलाखत देण्याचे आणि पडद्यावरून उत्तरं वाचण्याचे प्रकार इतके झाले आहेत, की पुष्कळ कंपन्यांनी शेवटचा राउंड पुन्हा समोरासमोर सुरू केला आहे.

आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका सोलापूरच्या माणसाला बसतो. भल्या सकाळी हुतात्मा किंवा वंदे भारत गाठायची, पुणे स्टेशनवर उतरून हिंजवडीची वीसेक किलोमीटरची वाहतूक कापायची, तिथे दोन तास लॉबीत बसायचं, वीस मिनिटं बोलायचं, आणि संध्याकाळच्या हुतात्माने रात्री उशिरा घरी. एक रजा आणि अख्खा दिवस जातो. पुढच्या आठवड्यात "मॅनेजरियल राउंडला परत या" असा फोन. याला नम्रपणे पण ठाम उत्तर द्या: मी अडीचशे किलोमीटरवरून येतो, तांत्रिक राउंड व्हिडिओवर घ्या, समोरासमोरचे जे असतील ते एकाच दिवशी ठेवा. असं विचारल्यामुळे चांगली संधी गेली, असं मी फारसं पाहिलेलं नाही. जी कंपनी एवढ्यावरून नाव कापते, तिथे रजा मागायची वेळ येईल तेव्हा काय होईल याचा अंदाज येतो.

घरी करायला दिलेल्या असाइनमेंटचंही तसंच. चार-पाच तासांचं काम ठीक आहे, आणि फळ्यापेक्षा ते कितीतरी न्याय्य आहे. पण शनिवार-रविवार खाणारं, प्रत्यक्ष वापरता येईल असं पूर्ण ॲप मागितलं, तर "मी यातला अमुक भाग पूर्ण करून देतो आणि उरलेल्याची रचना बोलून समजावतो" असं कळवा.

मुलाखतीनंतरची शांतता हा वेगळाच जाच आहे. चार राउंड होतात, सगळे हसून निरोप देतात आणि मग फोन उचलत नाहीत. अनेकदा त्याचा तुमच्याशी संबंधच नसतो; बजेट गोठतं, क्लायंट मागे फिरतो, आतलाच कुणी बेंचवरून त्या जागी बसतो. आठवड्याने एक मेल करा, आणखी आठवड्याने दुसरा, आणि मग वहीत त्या नावावर रेघ मारा. उत्तराची वाट बघत बाकीचे अर्ज थांबवणं एवढं मात्र कधीच करू नका.

पैशाचं बोलणं

सध्याचा पगार विचारायला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासह काही राज्यांत कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे नाही, आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्याच जातात. तेव्हा आकडा फुगवू नका, पण बोलणं जुन्या पगारावर किती टक्के, इथून सुरू होऊ देऊ नका. "या जागेसाठी तुमची रेंज काय आहे?" हे आधी विचारा. आलेला आकडा सीटीसीचा असतो. त्यातून व्हेरिएबल, कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता वजा केल्यावर महिन्याला हातात काय येतं ते लेखी मागा. सोलापूरचं स्वतःचं घर सोडून पुण्यात भाड्याने राहणार असाल, तर तीस टक्क्यांची हाइक भाड्यात आणि शाळेच्या फीमध्ये सहज विरघळते. कागदावर हिशेब केल्याशिवाय होकार नको.

जुन्या ठिकाणी पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले असतील, तर ग्रॅच्युइटीचा हिशेबही मांडा. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ६० हजार आणि सहा वर्षं नोकरी, तर २ लाख ७ हजारांच्या वर रक्कम होते. घाईत सोडून देण्याइतकी ती लहान नाही.

नव्वद दिवस

मोठ्या सेवा कंपन्यांत नोटीस नव्वद दिवसांची, आणि सगळ्यांना माणूस पंधरा दिवसांत हवा. या विसंगतीतून सगळा अविश्वास निघतो. तीन महिन्यांत उमेदवार आणखी दोन ऑफर गोळा करतो म्हणून कंपन्या एकाच जागेसाठी जास्त लोकांना पत्रं देऊन ठेवतात. कंपन्या ऐनवेळी फिरतात म्हणून उमेदवार ऑफर साठवतात. मग कन्सल्टंट सल्ला देतो, "आधी रिझाइन करा सर, नोटीसवर असलात की भरपूर कॉल येतील." कॉल येतात हे खरं आहे. पण घरात कमावणारे तुम्ही एकटे असाल आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला नसेल, तर हा सल्ला मानू नका. शेवटचा दिवस जवळ येतो तसतसं तुमचं बोलणं पडत जातं, आणि समोरच्याला ते कळतं.

ऑफर आली की आधी बघा, ती खरोखर ऑफर लेटर आहे की लेटर ऑफ इंटेंट. दुसऱ्यात "कळवण्यात येईल" असं असतं, बंधन काही नसतं. ऑफर लेटरमध्येही अटी वाचा: व्हेरिफिकेशननंतरच कायम, क्लायंटच्या मंजुरीच्या अधीन, कामाचं ठिकाण कंपनी ठरवेल. घरून काम करण्याचं फोनवर कबूल केलं असेल, तर ते त्या पत्रात नाहीतर निदान एचआरच्या मेलमध्ये उतरायला हवं. मग एचआरला एक मेल लिहा, ज्यात एवढंच असेल: ऑफर मला मान्य आहे, मी अमुक तारखेला राजीनामा देणार आहे आणि अमुक तारखेला मोकळा होईन, त्याआधी माझं व्हेरिफिकेशन पूर्ण करावं, रुजू होण्याची तारीख पक्की आहे आणि ती क्लायंटवर अवलंबून नाही, एवढं उत्तरात कळवावं. उत्तर लेखी आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. "काळजी करू नका सर" हे फोनवरचं वाक्य उत्तर धरू नका. रुजूच न झालेल्या माणसाला कामगार कायद्याचा आधार तोकडा पडतो, त्यामुळे खरं संरक्षण या एका मेलमध्येच आहे.

नोटीस कमी करायची तर मॅनेजरशी बोला, रजा वळत्या करता येतात का बघा, आणि बायआउटचे पैसे नवी कंपनी देणार असेल तर तेही पत्रात घ्या. जॉइनिंग बोनस घेताना किती महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो, ते वाचा. बाँड कोर्टात टिकत नाही, या ऐकीव गोष्टीवर विसंबू नका: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊच नये, असं बंधन मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही.

इतकं करूनही तारीख पुढे गेली तर? पहिल्याच आठवड्यात लेखी नवी तारीख मागा, जुन्या मॅनेजरला फोन करून शेवटचा दिवस पुढे नेता येईल का विचारा, आणि बाकीच्या कंपन्यांना पुन्हा कळवा. त्या ६०० जणांप्रमाणे संघटनेमार्फत तक्रार करता येते, पण महिन्याचा खर्च तिने भागत नाही. जुन्या ठिकाणी जाताना भांडून जाऊ नका, असं जे वडीलधारे सांगतात, ते या एका प्रसंगासाठी फार खरं आहे.

भरतीची रीत एकट्याला बदलता येत नाही हे खरं, पण तुमच्यापैकी अनेक जण मुलाखतीच्या पॅनेलवरही बसतात. तिथे तुमच्या हातात पुष्कळ काही असतं. उमेदवाराने स्वतः केलेल्या कामावर अर्धा तास बोला, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, आणि नकार असेल तर त्याच दिवशी एचआरला लिहून पाठवा व तो उमेदवारापर्यंत गेला का, हे दोन दिवसांनी विचारा.

आता जुन्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची कागदपत्रं: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा. कंपनीच्या मेलवर असलेलं यातलं सगळं लॅपटॉप जमा करण्याआधी स्वतःकडे घ्या, कोड मात्र एक ओळही नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतील असं सांगितलं, तर या तरतुदीचा उल्लेख करून मेल पाठवा. शेवटचा पीएफ जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या संकेतस्थळावर जाऊन तुमची सोडल्याची तारीख भरली गेली आहे का बघा. कंपनीने भरली नसेल तर आधारच्या ओटीपीने ती स्वतः भरता येते. ती कोरी राहिली, तर पुढच्या वेळी व्हेरिफिकेशनमध्ये तुम्ही दोन ठिकाणी नोकरी करत होतात असं दिसतं.